कापलेली अकरा मिनिटं

केंदूरच्या सोपानरावांनी बावीस वर्षांत आठशेच्या वर माणसांना श्रद्धांजली वाहिली आणि त्यातलं एकही माणूस वाईट निघालं नाही. ज्यानं उभ्या आयुष्यात कुणाला चिमूटभर तंबाखू दिली नाही तो दानशूर निघाला, आणि ज्याच्या तोंडाला अख्खी आळी घाबरायची तो मितभाषी. कुणीही गेलं की परिसराची न भरून येणारी हानी व्हायची आणि गावात एक पोकळी निर्माण व्हायची. बायको कुशाबाई एकदा म्हणाली होती, "अवो, इतक्या पोकळ्या झाल्या, गाव अजून हुभं कसं ऱ्हायलंय?"

सोपानराव दूध संस्थेत कारकून होते. पण त्यांची खरी नोकरी दशक्रियेच्या घाटावरची, आणि तिला पगार नव्हता. आपल्या भागात दहावा कसा होतो हे कुणाला सांगायला नको. सकाळी नदीवर पिंड मांडायचे, कावळा शिवायची वाट बघायची, आणि बघताना रिकामं बसायला नको म्हणून भाषणं करायची. आधी एक प्रवचन असायचं आणि दोन माणसं चार शब्द बोलायची. मग सोसायटीचे चेअरमन आले, झेडपीवाले आले, आजी आले, माजी आले, होऊ घातलेले आले. एवढ्या माणसांना क्रमानं, मानानं आणि कुणाचा रुसवा न घेता माईकवर बोलवायचं म्हणजे येरागबाळ्याचं काम नव्हे. ते काम सोपानराव करत. भरदार आवाज, पांढरी टोपी, खिशात नावांची यादी. त्यांना मोबदला म्हणून टॉवेल-टोपी मिळे. घरात एक अख्खी ट्रंक टॉवेलांनी भरली होती, आणि कुशाबाईनं त्यातल्या काहींचे पडदे केले होते.

त्यांना एकच खोड होती. हातातल्या माईकचं बटण ते कधी बंद करत नसत. बंद-चालू करताना भोंगा खरखरतो आणि शोकाकुल वातावरण बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे एकदा ऐन श्रद्धांजलीत "माझ्या च्यात साखर टाकू नका" हे नदीच्या दोन्ही काठांवर ऐकू गेलं होतं. तरी खोड सुटली नाही.

गेल्या वर्षी एका गुरुवारी शिरूरहून दानिएलचा फोन आला. दानिएल हा त्यांचा मिशनच्या शाळेतला बाकावरचा सोबती. तो आता शिरूरच्या थिएटरात दारावर तिकिटं फाडायचा.

"सोपान, उद्या ये. तुझ्यावर पिक्चर आलंय."

"माझ्यावर?"

"तूच हायेस. फक्त टोपी जरा तिरकी हाय."

पिक्चरचं नाव होतं 'शिवला का?'. शुक्रवारी दुपारच्या खेळाला सोपानराव कुशाबाईला घेऊन गेले. थिएटरात मोजून चोवीस माणसं होती.

गोष्ट अशी होती. एका गावच्या सोसायटीचा चेअरमन वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी मरतो. तो मेला हे कळलं तर खुर्ची भाऊबंदाकडे जाणार, म्हणून घरचे बातमी दाबतात, मढ्याला जाकीट चढवतात आणि सभेत नेऊन खुर्चीवर बसवतात. सभा सुरू होते. ठराव वाचले जातात. सगळे "मंजूर, मंजूर" करतात. चेअरमन काही बोलत नाही, हलत नाही, डोळे अर्धे मिटलेले. आणि कुणाच्याच लक्षात येत नाही, कारण तो गेली पंधरा वर्षं असाच बसत आलेला असतो. वर कुणीतरी त्याच्या गळ्यात हार घालतो आणि म्हणतो, "आज साहेब जरा फ्रेश दिसतायत."

इथे सोपानरावांना पहिलं हसू फुटलं. पिक्चर पुढे पुढे जास्तच चेकाळत गेलं. मढ्याचा अंगठा कागदावर उठवला गेला. दोन बायका एका कुंकवावरून भांडल्या. एका जागी तर राख नको तिथं गेली, आणि ती कशात गेली ते इथं लिहिणार नाही. कुशाबाईनं पदर तोंडावर घेतला. सोपानरावांनीही डोळे मिटले. ते त्यांना आवडलं नाही, आणि आवडलं नाही हे त्यांनी नंतर कुणापासून लपवलंही नाही.

मग शेवटचा दहावा आला. पिंड मांडलेले, माणसं जमलेली, माईकवर एक तिरक्या टोपीचा माणूस. "परिसराची न भरून येणारी हानी," तो म्हणाला, आणि सोपानराव खुर्चीत ताठ झाले. शब्द त्यांचा, हेल त्यांचा, मान तुकवायची लकबही त्यांची. पडद्यावर कावळा काही येईना. मग घरचे लोक कबूल करत सुटले. थोरला म्हणाला, बहिणीचा वाटा देतो. कावळा नाही. धाकटा म्हणाला, दारू सोडतो. कावळा नाही. बायको म्हणाली, मी तुम्हाला माफ केलं. एकदम दहा-बारा कावळे उडून आणखी लांब जाऊन बसले. प्रत्येक कबुलीत एकेक लफडं बाहेर, आणि माईकवाला प्रत्येकाला "धन्यवाद" म्हणून पुढचं नाव पुकारतोय. शेवटी एक म्हातारी काठी टेकत उठते, जनरेटरजवळ जाते आणि वायर उपटते. भोंगे गप्प. नदीचा आवाज येतो. आणि कावळा येऊन पिंडावर बसतो.

कावळे येत नव्हते ते मेलेल्याची इच्छा राहिली म्हणून नाही, भोंग्याच्या भीतीनं.

सोपानराव इतके हसले की खुर्चीतून घसरून दोन रांगांच्या मध्ये बसले. दानिएल बॅटरी घेऊन धावत आला. त्याला वाटलं, झटका आला. बावीस वर्षं! बावीस वर्षं त्यांनी घाटावर तासन् तास लोकांना ताटकळत ठेवलं होतं, दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायची पाळी आणली होती, आणि मेलेल्याची इच्छा राहिली म्हणून सुना-मुलांना रडवलं होतं. कावळे हाकलणारं ते बुजगावणं दुसरं-तिसरं कुणी नाही, ते स्वतः होते. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

"माझ्या नवऱ्याला येवढं वळाखलं कुणी?" कुशाबाई बाहेर येताना म्हणाली.

"आमच्या चर्चमधले चौघं येऊन गेले," दानिएल म्हणाला. "आमच्यावर येक इनोद न्हाई. लई वाईट वाटलं त्यांना."

सोमवारपर्यंत भावना दुखावल्या. सेन्सॉर बोर्डानं पाच शिव्या कापून पिक्चरला आधीच सोडलं होतं, पण लोकांच्या भावनांचं बोर्ड निराळं असतं आणि त्याला पिक्चर बघावं लागत नाही. केंदूरच्या बाजूनं पुढारी होता पृथ्वीराज. सोसायटीचे जुने चेअरमन बापूसाहेब यांचा हा मुलगा. कोरेगाव भीमाच्या कारखान्यांना गाड्या लावायचा आणि पुढच्या झेडपीला उभं राहायचं ठरवून बसला होता. तो निवेदन घेऊन सोपानरावांच्या दारात आला.

"आप्पा, पहिली सही तुमची. अपमान तुमचा झालाय."

"माझा कुठं? मला तर लई आवडलं."

पृथ्वीराजनं कागद आणखी पुढे केला. मग म्हणाला, "आवो, त्यात तुमची टिंगल हाय!"

"हाय की. आन् खरी हाय. तू पाह्यलं का?"

"असलं घाण कशाला बघू मी?"

"मग घाण हाय हे कळलं कसं?"

"फॉरवर्ड आलंय."

सोपानरावांनी चष्मा पुसला. माईक नसताना ते क्वचितच इतकं सलग बोलत. "हे बघ पृथ्वीराज. राखेचा तो शीन मलाबी न्हाई आवडला. मी डोळं मिटलं. देवानं पापण्या त्याच्यासाठीच दिल्यात. पण माझ्या पापण्या तू कशाला मिटतोस? मी घाटावर उभा ऱ्हाऊन दर आठ-दहा दिवसाला खोटं बोलतो, ते चालतं. मढ्यापुढं तुमी मतं मागता, ते चालतं. आन् येका माणसानं ते पडद्यावर दाखवलं की लगेच दुखतं?"

"म्हंजी सही न्हाई?"

"न्हाई."

पृथ्वीराजनं कागदाची घडी घातली. "मग आप्पा, घाटावर तुमी आता शोभणार न्हाई," तो म्हणाला, आणि चहा न घेता गेला.

ही धमकी लोकांना किरकोळ वाटेल. सोपानरावांना ती फाशी होती. पुढच्याच दहाव्याला माईक एका कॉलेजातल्या निवेदकाच्या हातात गेला. तो काळा चष्मा लावून आला आणि पंच्याऐंशी वर्षांच्या एका आजींना त्यानं हिंदीतून शेर ऐकवला. त्यात चांद होता, बेवफाई होती. सोपानराव गर्दीत मागे, चपलांच्या ढिगाजवळ बसले होते. पुढाऱ्यांचा क्रम चुकला, माजी सभापती रुसून निघून गेले, आणि सोपानरावांचे ओठ आपोआप बरोबर क्रमानं नावं घेत राहिले. घरी आल्यावर ते कुशाबाईला म्हणाले, "मला माईक पायजे गं. खोटं बोलायला का व्हईना, पण पायजे." माणूस असा असतो, त्याला काय करणार?

तिकडे पिक्चर शिरूरहून उतरलं. दौंडला आणखी दोन दिवस चाललं, तिथूनही उतरलं. निर्मात्यानं हात जोडले, दहाव्याची ती शेवटची अकरा मिनिटं कापली, आणि उरलेलं पिक्चर महिनाभरात मोबाईलवर आलं. आता त्यात चेअरमन मरतो, सभेत बसतो, जाळला जातो आणि पिक्चर एकदम संपतं. राखेचा सीन मात्र तसाच होता. ज्याची किळस यावी ते राहिलं आणि ज्यानं डोळे उघडावेत ते गेलं.

पण माणसाला न दाखवलेलं बघायचं असतं. केंदूरची पोरं मोबाईलवर पिक्चर बघायची आणि शेवटी चिडायची, "पुढं काय?" पंचक्रोशीत ते पाहिलंय असं उघड सांगणारा माणूस एकच. सकाळी दूध संस्थेत दुधाचं फॅट मोजून होईपर्यंत लोक कॅन घेऊन उभे असत, तिथे कुणीतरी म्हणालं, "आप्पा, ते कापलेलं सांगा की." आप्पांनी सांगितलं. थोरला, धाकटा, विधवा, म्हातारी, कावळा, सगळे आवाज काढून. दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. तिसऱ्या दिवशी कुरकुंभच्या केमिकल कंपनीतले दोघं रात्रपाळी उरकून गाडीवर आले, हातात दुधाची किटली नसताना. आठवड्याभरात अकरा मिनिटांची पंचवीस झाली. कुशाबाई म्हणाली, "पिक्चरमदी तर म्हातारी काय बोलत न्हवती." सोपानराव म्हणाले, "तिला बोलायचं व्हतं, पण टाइम न्हवता." बंदी घातल्यानं पिक्चर मेलं नाही, उलट वाढीला लागलं.

आणि मग बापूसाहेबांचा निरोप आला.

बापूसाहेब ब्याऐंशीचे, सहा महिने अंथरुणाला खिळलेले. एकेकाळी सभेत टेबलावर मूठ आपटली की पेले उडायचे. पृथ्वीराज उशाशी उभा होता. म्हातारा म्हणाला, "सोपान, माझ्या पोरानं बंद पाडलेलं पिक्चर सांग."

"आबा, कशाला उगं..." पृथ्वीराज म्हणाला.

"तू भाईर जा, तुझ्या भावना दुखतील."

पृथ्वीराज दारापर्यंत गेला आणि तिथेच फोनमध्ये बघत उभा राहिला. सोपानरावांनी सुरुवात केली. सभेत मढं बसवल्याचं ऐकून बापूसाहेब म्हणाले, "हे आमच्या सोसायटीत कवाच झालंय," आणि हसायला लागले. वायर उपटली तेव्हा त्यांना असा ठसका लागला की सून पाणी घेऊन धावली. पाणी पिऊन त्यांनी सोपानरावांचा हात धरला. बोटांत ताकद नव्हती, पण सोडला नाही.

"माझ्या दहाव्याला तूच पायजेस. त्या काळ्या चष्म्यानं मला शेर म्हणला तर उठून बसंन मी. पृथ्वीराज, ऐकतोस का?"

"व्हय, आबा."

बापूसाहेब दिवाळीनंतर गेले. पृथ्वीराजनं वडिलांचा शब्द पाळला, पण आदल्या दिवशी सोपानरावांना बाजूला घेऊन सांगितलं, "आप्पा, उद्या सगळं नीट झालं तर घाट पुन्हा तुमचा. पण पिक्चरचा प सुदीक माईकवर नको."

"न्हाई काढत," सोपानराव म्हणाले. त्यांना माईक हवा होता.

दहाव्याला अख्खा तालुका लोटला. पृथ्वीराजनं मानासाठी चार मोठे स्पीकर लावले होते, आणि शिवाय झाडावर दोन भोंगे. यादीत सदतीस नावं. सोपानरावांनी पांढरीशुभ्र टोपी घातली आणि हातात माईक घेतला. चार महिन्यांनी आपला आवाज नदीवरून परत येताना ऐकून त्यांना भरून आलं.

पिंड मांडले. प्रवचन झालं. भाषणं सुरू झाली. कावळा नाही. अर्धा तास झाला, पाऊण झाला. पृथ्वीराज पिंडासमोर हात जोडून उभा राहिला.

"आबा, सभामंडपाचं काम पुरं करतो."

कावळा नाही.

"आबा, आक्काला विहिरीतलं पाणी देतो."

आक्का, म्हणजे त्याची बहीण, बायकांत बसली होती, तिनं मान वर केली. कावळा नाही.

"आबा, ते गट नंबरचं... ते मी मिटवतो." हे कोणतं गट नंबरचं, म्हणून भावकीत कुजबुज सुरू झाली. गुरुजींनी दर्भाची जुडी हातात घेतली आणि गाठ मारायला लागले. बापूसाहेबांसारख्या माणसाच्या पिंडाला दर्भाचा कावळा! झेडपीच्या निवडणुकीपर्यंत लोक तेवढंच बोलले असते.

सोपानरावांना सगळं दिसत होतं. पलीकडच्या काठावर बाभळीवर वीस-पंचवीस कावळे बसले होते. भोंगा वाजला की अंग चोरत होते, थांबला की पुढे सरकत होते. उजव्या हाताला तीन पावलांवर अँप्लिफायर होता आणि त्याची वायर. पाय उचलायचा होता एवढंच. आणि पाय उचलेना. ज्या पिक्चरसाठी ते गावाशी भांडले, त्यातली एवढीशी गोष्ट करायची वेळ आली, तर ते यादीतलं बाविसावं नाव बघत उभे राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटली. तरीही त्यांनी नाव पुकारलं.

एक माजी आमदार स्टँडवरच्या दुसऱ्या माईकवर बोलायला उठले. "कैलासवासी..." ते म्हणाले आणि नाव आठवायला थांबले. त्या थांबण्यात पृथ्वीराज सोपानरावांच्या कानाशी आला. डोळे लाल, आवाज अगदी बारीक.

"आप्पा, ते वायरचं करा."

"कोनतं वायरचं?"

"पिक्चरमधलं. म्हातारी करती ते."

"तू तर पाह्यलंच न्हाईस."

"पाह्यलंय, आप्पा. दौंडला जाऊन. दोनदा."

चार स्पीकर आणि दोन भोंग्यांतून "दोनदा" हा शब्द नदीवर गेला आणि पलीकडच्या टेकाडाला लागून परत आला. सोपानरावांच्या हातातल्या माईकचं बटण नेहमीप्रमाणे चालू होतं.

घाटावर दोन हजार माणसं होती. माजी आमदारांचं तोंड उघडं राहिलं. पृथ्वीराजनं आधी माईककडे पाहिलं, मग भोंग्याकडे, मग वडिलांच्या फोटोकडे. आणि बायकांच्या बाजूनं पहिलं हसू आलं. ते कुशाबाईचं होतं, चौतीस वर्षांच्या संसारात सोपानराव ते ओळखणार नाहीत तर कोण? पदरात दाबलेलं, पण फुटलेलं. मग आक्का हसली. मग चपलांच्या ढिगाजवळून कुणीतरी.

सोपानराव तीन पावलं चालले, वाकले आणि वायर उपटली.

भोंगे मेले. माणसंही गप्प झाली. केंदूरच्या वेळ नदीला दिवाळीनंतर फार पाणी नसतं, पण होतं त्याचा आवाज येऊ लागला. बाभळीवरून एक कावळा उठला, घाटावर एक घिरटी घातली, फोटोजवळ उतरला, दोन उड्या मारून पिंडापाशी आला आणि मधोमध चोच मारली. पाठोपाठ आणखी चार आले. एकानं नैवेद्यातला वडा उचलला आणि निघून गेला. गुरुजींनी अर्धा केलेला दर्भाचा कावळा हळूच पिशवीत टाकला.

पृथ्वीराज रडत होता आणि हसत होता, आणि त्यातलं काहीच त्याला थांबवता येत नव्हतं. सोपानरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. यादीत पंधरा नावं उरली होती, पण ती घ्यायला आता काही साधन नव्हतं. लोक त्यांच्याच तोंडाकडे बघत होते. ते घसा खाकरून, साध्या आवाजात, पुढच्या चार रांगांना ऐकू जाईल एवढं बोलले.

"बापूसाहेब तापट व्हते. मितभाषी तर अजाबात न्हवते. पोकळी-बिकळी मला ठावं न्हाई. पण आज ते हितं बसलेले पायजे व्हते. लई हसले असते."

एवढं बोलून त्यांनी टोपी काढली. मागच्या रांगांतली माणसं पुढच्यांना विचारू लागली, आप्पा काय म्हणाले, आणि ते रांगेरांगेनं मागे जात राहिलं, पार चपलांच्या ढिगापर्यंत.